सतरा नंबरचं कार्ड

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी सतरा नंबरचं कार्ड तिच्या हातात आलं. वाटणी जावयाने केली होती, प्रत्येकी सहा कार्डं, पालथी. तिने ती उचलून पंख्यासारखी धरली तेव्हा डावीकडून चौथ्या कार्डावर एक बाई होती. कानाला हेडफोन, पुढ्यात दोऱ्यांचा बोर्ड, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोल. या खेळातल्या कुठल्याच माणसाला चित्रकाराने चेहरा दिलेला नव्हता. वर लिहिलं होतं, ‘टेलिफोन ऑपरेटर’. खाली दोन ओळी होत्या: ‘मला आठवत नाही. पटावरचा कोणताही एक साक्षीदार काढून टाका.’ तिने पंखा मिटला, चहाचा कप उचलला आणि न पिता पुन्हा बशीत ठेवला.

“आई, कार्डं बघितली की चेहरा पाडायचा नसतो,” जावई म्हणाला. “मला लगेच कळतं. दिवसभर लोकांचे घाबरलेले चेहरेच बघतो मी.” तो दातांचा डॉक्टर होता. “तू बघतोस ते जबडे,” लेक म्हणाली. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भूगोलाच्या वह्या तपासत बसली होती. मुलांनी काढलेल्या नकाशांत नद्या डोंगरावर चढत होत्या आणि ती लाल पेनाने त्यांना खाली आणत होती. खेळ जावयानेच आणला होता, सासूबाईंसाठी म्हणून. दुकानातून घरी येईपर्यंत त्याला दम निघाला नव्हता, जिन्यातूनच ओरडला होता, “आई, तुमच्या ऑफिसचा खेळ निघालाय.” खोक्याच्या झाकणावर त्या मोठ्या कचेरीची इमारत होती, जिच्या टेलिफोन बोर्डावर तिने एकतीस वर्षं काढली. इमारतीवर लाल अक्षरांत खेळाचं नाव: ‘सात दिवस’.

ते सात दिवस एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे. नवा पूल पडला होता, अकरा माणसं गेली होती. पुलाचे खांब कच्चे आहेत असं एका इंजिनीअरने आधीच लिहून ठेवलं होतं आणि त्या शेऱ्याखाली मंत्र्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘काम चालू ठेवा’ असं लिहिलं होतं, अशी बातमी एका वर्तमानपत्राने छापली. ज्या फाइलीत हे दोन्ही शेरे होते ती फाइल सातव्या दिवशी सभागृहापुढे यायची होती. ती आलीच नाही. मंत्र्यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोगाने त्यांना दोषमुक्त केलं, दोन वर्षांनी ते पुन्हा मंत्री झाले. फाइल कधीच सापडली नाही. हे सगळं आता जाड पुठ्ठ्याच्या पटावर होतं. इमारतीचे चार मजले, तळघर, फाटक, आणि लाकडाची बोटभर निळी फाइल. एका खेळाडूने वर्तमानपत्र व्हायचं आणि साक्षीदारांच्या चकत्या एकमेकींना जोडत फाइल फाटकाबाहेर काढायची. दुसऱ्याने सरकार व्हायचं आणि सात दिवस ती आत दाबून ठेवायची. जावयाने स्वतःसाठी वर्तमानपत्र घेतलं. “सरकार तुम्ही व्हा आई. तुम्हाला अनुभव आहे.” यावर लेक हसली. तीही हसली. हसायचंच होतं ते.

पटावर टेलिफोन खोली दुसऱ्या मजल्यावर दाखवली होती, दोन खिडक्यांची. खरी खोली पोटमाळ्यावर होती आणि तिला एकही खिडकी नव्हती. सहा बायका, दोन पाळ्या, भिंतभर बोर्ड. दिवा लागला की दोरी खुपसायची, ‘नंबर सांगा’ म्हणायचं, दुसरी दोरी दुसऱ्या भोकात, कळ दाबून घंटी द्यायची, आणि दोन्हीकडची माणसं बोलायला लागली याची खात्री होईपर्यंत ऐकत राहायचं. मग कळ सोडायची. नियम असा की खात्रीपुरतं ऐकायचं, त्यापुढे नाही. पण खात्री व्हायला दोन-तीन वाक्यं लागतातच, त्यामुळे एकतीस वर्षांत तिच्या कानात लाखो संभाषणांची पहिली तीन वाक्यं जमली होती आणि एकाचाही शेवट नव्हता. माणसं तिला आवाजाने माहीत होती. अर्थखात्याचे सचिव बोलण्याआधी ओठ चाटायचे. वाहन विभागातला माणूस नेहमी काहीतरी चावत असायचा. आणि तळघरातले कारकून, जे जुन्या फाइलींचं दप्तर सांभाळायचे, ते फोन उचलून ‘हॅलो’ म्हणायचेच नाहीत, नुसतं ‘तळघर’ म्हणायचे, जणू तळघरच बोलतंय. बोर्डावरच्या बायकांनी त्यांचं नाव तळघरकाका पाडलं होतं. सणासुदीला सगळे मिठाईचे पुडे वर पाठवायचे तसा तेही पाठवायचे, पण स्वतः कधी आले नाहीत. त्यांना पाहिलं कुणीच नव्हतं.

“आई, तुमची खेळी. घोडं कुठे अडलंय?” जावयाने पहिल्या दिवशीच इंजिनीअरची चकती लावून टाकली होती आणि फाइल तळघराच्या दारापाशी आणली होती. तिने शिपायाचं कार्ड टाकून फाइल एक घर मागे नेली. “बघ, आली ना लाइनीवर,” तो बायकोला म्हणाला, “फाइल मागे नेणं रक्तातच आहे.” दुसऱ्या दिवशी तिने पोलीस अधिकारी टाकला, तिसऱ्या दिवशी ‘सभागृह तहकूब’. ऑपरेटरचं कार्ड मात्र हातातच राहिलं. प्रत्येक वेळी नवं कार्ड उचललं की ती बाकीची पुन्हा लावायची आणि ते एक सर्वांत मागे सारायची. खेळात हरावं असं तिला मनापासून वाटत होतं, पण वाईट खेळणंही तिला जमेना. हातांना बोर्डाचं वळण लागलेलं होतं. समोर दिवा लागला की दोरी आपोआप बरोबर भोकात जायची.

बोर्डावर एक वही असायची. मंत्र्यांच्या दालनातून जाणारा प्रत्येक कॉल तिच्यात लिहायचा: वेळ, कुठून, कुठे. लिहायचं पेन्सिलीने, कारण साहेब लोक अर्ध्यावर बेत बदलतात, कॉल मागतात आणि नको म्हणतात. पाळी संपली की पर्यवेक्षक बाईंसमोर बसून एकेका ओळीवर निळ्या शाईने गिरवायचं. जी ओळ शाईने गिरवली तो कॉल झाला. जी पेन्सिलीतच राहिली तो रद्द. ही पद्धत कुठल्या नियमपुस्तकात नव्हती. ती त्या पोटमाळ्यावर आपोआप तयार झाली होती आणि कायद्यासारखी पाळली जायची. सातव्या दिवशी सकाळी अकरा बेचाळीसला मंत्र्यांच्या दालनाचा दिवा लागला. तिने तळघर जोडून दिलं. ‘तळघर.’ ‘साहेबांच्या दालनातून बोलतोय. पुलाची फाइल वर पाठवा. पावती नको.’ ‘बरं.’ तीन वाक्यं झाली, तिने कळ सोडली आणि पेन्सिलीने ओळ लिहिली. दुपारी दोन वाजता पाळी संपली तेव्हा ती शाईने गिरवत गिरवत त्या ओळीपाशी आली, आणि पर्यवेक्षक बाईंनी वहीवर तळहात ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. उलट नेहमीपेक्षा मऊ बोलल्या. “ती एक राहू दे आज. उद्या बघू.” तिने ती ओळ सोडून पुढची गिरवली. तिने काही खोडलं नव्हतं, खोटं लिहिलं नव्हतं. उद्या गिरवू, असंच तिला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी कोरी वही होती.

“पाचवा दिवस,” जावई म्हणाला आणि त्याने तळघराच्या कारकुनाची चकती पटावर ठेवली. करड्या रंगाची चकती, तिच्यावर फाइलींचा ढीग. आता त्याच्या दोन चकत्या जोडल्या गेल्या होत्या. तिसरी जोडली की फाइलीला फाटकापर्यंत वाट मोकळी. “हा माणूस महत्त्वाचा. याच्याशिवाय इंजिनीअर लटकतो.” लेकीने वहीतून डोकं वर केलं. “याला खरंच शिक्षा झाली ना रे? यानेच विकली होती ना फाइल कुणालातरी?” जावयाने नियमपुस्तिकेचं शेवटचं पान काढून वाचलं: “‘फाइल मंत्र्यांच्या दालनातून मागवली गेली, असं कारकुनाने शपथेवर सांगितलं. त्याला पुष्टी मिळाली नाही. फाइल गहाळ केल्याबद्दल त्याला दीड वर्षाची कैद झाली. प्रत्यक्षात काय घडलं, हे आजही कोणाला माहीत नाही.’” मग तो म्हणाला, “आई, तुम्ही तिथेच होतात ना तेव्हा?” “बोर्डावर होते,” ती म्हणाली. “मग ही ऑपरेटर कोण ते तुम्हाला ठाऊक असेल. माझ्याकडे यादी आहे सगळ्या कार्डांची, तुमच्या गड्डीत एक ऑपरेटर आहे.” “आम्ही सहा जणी होतो.” हे खरं होतं. आयोगाच्या अहवालातही नाव नव्हतं, ‘ऑपरेटर क्रमांक तीन’ एवढंच होतं. ती पुढे म्हणाली, “चित्रात हेडफोन उजव्या कानावर दाखवलाय, ते चूक आहे. आम्ही डाव्या कानावर लावायचो. उजव्या हाताने लिहायचं असतं, मान उजवीकडे वळते, मग उजव्या कानावरचा घसरतो.” लेक नवऱ्याकडे बघून म्हणाली, “बघ, कंपनीला पत्र लिही.” आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, की कार्ड आपल्या हातात आहे हे आपण आत्ताच त्याला सांगून टाकलं.

पत्र आलं होतं बावीस दिवसांपूर्वी. जाड पाकीट, बायकी गोल अक्षर. निवृत्तांच्या कार्यालयाने पत्ता दिला, असं सुरुवातीलाच लिहून माफी मागितली होती. ‘मी तळघरातल्या कारकुनांची मुलगी. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, अंथरुणावर आहेत. त्यांना कोर्ट नको, पेन्शन नको, काही नको. ते एकच विचारतात. त्या दिवशी फोन आला होता, हे ज्या बाईंना माहीत आहे त्या अजून आहेत का? आहेत, असं मला कळलं. तुम्ही एक ओळ लिहून दिलीत तरी पुरे, किंवा फोनवर त्यांना सांगितलंत तरी. त्यांना ऐकू येतं. डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नाहीत, आठवड्यांची करतात. संध्याकाळी पाच ते सात मी घरी असते.’ खाली नंबर होता. तिने पत्र शिवणयंत्राच्या खणात ठेवलं होतं, बॉबिन आणि जुन्या बटणांखाली. बावीस दिवस रोज पाच वाजता ती त्या खणापाशी जाऊन बसायची आणि काहीतरी शिवायची. उशांचे अभ्रे झाले, पडद्यांच्या कडा झाल्या, जावयाच्या दवाखान्याच्या एप्रनचे फाटके खिसे झाले. “आई, घरात न फाटलेलं काही उरलं नाही आता,” लेक म्हणाली होती. सात वाजले की ती यंत्राला झाकण घालायची.

तिला भीती त्या मुलीची नव्हती. त्या म्हाताऱ्याचीही नव्हती. फोन केला, ओळ लिहिली, तर ती लेकीला सांगावी लागेल, आणि लेक विचारेल, तू तेव्हा का नाही बोललीस? आणि त्याचं खरं उत्तर लेक स्वतःच होती. आयोगापुढे उभी राहिली तेव्हा तिला सहावा महिना होता. नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागून वर्ष झालं होतं. ती अजून हंगामी होती, दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवून पुन्हा घेत. धमकी कुणी दिली नाही. पर्यवेक्षक बाई फक्त म्हणाल्या होत्या, “तुझी कायम करण्याची फाइल वर गेलीय.” फाइल वर गेलीय. नंतर ती कायम झाली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तिथे लेक रांगली, तिथल्याच भिंतीवर तिने खडूने पहिला नकाशा काढला. हे सांगायचं कसं? सांगितलं म्हणजे त्या माणसाची दीड वर्षं उचलून लेकीच्या मांडीवर ठेवायची. तुझ्यासाठी केलं, असं म्हणणारी आई तिला स्वतःलाच सहन झाली नसती. आणि तुझ्यासाठी नाही केलं, असं म्हटलं, तर मग कुणासाठी?

आयोगाचं कामकाज एका शाळेच्या सभागृहात चाले. ती पोहोचली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक ठेंगणा माणूस बसला होता, गुडघ्यावर दोन्ही हात, शर्टाची सगळी बटणं लावलेली. त्याने सरकून तिला जागा दिली. तिची अवस्था बघून आपली पाण्याची बाटली पुढे केली. ती प्यायली. मान हलवली, बोलली नाही. दोघं अर्धा तास शेजारी बसले होते आणि दोघांनाही शेजारी कोण आहे ते माहीत नव्हतं. मग आत बोलावलं. वकिलांनी वही पुढे केली. “ही अकरा बेचाळीसची नोंद. अक्षर तुमचं?” “हो.” “ही पेन्सिलीत आहे. तुमच्याकडे पेन्सिलीतल्या ओळीचा अर्थ काय?” “रद्द झालेला कॉल.” “म्हणजे हा कॉल लागलाच नाही?” सभागृहाच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेली फळांची चित्रं होती. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, “मला आठवत नाही.” तिच्या पहिल्याच ‘हो’ला साक्षीदारांच्या रांगेत बसलेल्या त्या ठेंगण्या माणसाने झटकन मान वर केली होती. त्याने आवाज ओळखला. सात वर्षं रोज ‘जोडतेय’ म्हणणारा आवाज. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट सुटका झाल्यासारखा तो पुढे झुकला, आता ओळखीचं माणूस आलं, आता ही सांगेल. तो तसाच झुकून बसला होता. वकिलांनी विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “नक्की. आठवत नाही.”

“सहावा दिवस संपला,” जावई म्हणाला. साडेपाच वाजून गेले होते. त्याने तिसरी चकती जोडली होती, मंत्र्यांचा ड्रायव्हर. फाइल फाटकापासून एका घरावर होती. सरकारकडे फक्त शेवटची खेळी होती. गड्डी संपून तिच्या हातात दोन कार्डं उरली होती. एक ‘पाऊस’, ज्याने काहीच होत नव्हतं. दुसरं ते. “मी हरले,” ती म्हणाली आणि ‘पाऊस’ टाकलं. “खेळा तुम्ही.” “एक मिनिट,” लेक म्हणाली. वह्या संपल्या होत्या, ती नियमपुस्तिका चाळत होती. “इथे लिहिलंय, सातव्या दिवशी हातातलं प्रत्येक कार्ड खेळावंच लागतं. हातचं राखून ठेवता येत नाही.” “राहू दे गं,” ती म्हणाली, “त्यांना जिंकू दे.” “छे आई, दया नको,” जावई हसला. “मला ठाऊक आहे तुमच्याकडे काय आहे. टाका.” तिने कार्ड उलटं धरून विचारलं, “हिला दुसरं काही करता येत नाही का? म्हणजे, ही बाई तुमच्या बाजूने गेली तर? तुमच्या गड्डीत?” जावयाने यादी पाहिली, बोट वरून खाली नेलं, जसा तो एक्सरेवर नेत असेल. “नाही. ही फक्त सरकारकडेच असते.” मग तिच्या तोंडाकडे बघून तो थोडं समजुतीने म्हणाला, “खेळ आहे आई. ज्याने केलाय त्याला वाटलं असेल, आठवत असतं तर बोलली नसती का?”

तिने कार्ड ठेवलं. कोणता साक्षीदार काढायचा, हेही तिलाच सांगायचं होतं. ड्रायव्हर काढून भागत नव्हतं, इंजिनीअर काढूनही नाही. मधला दुवा एकच होता. तिने करडी चकती उचलली. ती हलकी होती, बटणासारखी. दोन्ही बाजूंच्या चकत्या सुट्या पडल्या, निळी फाइल नियमाप्रमाणे तळघरात परत गेली. ते कार्ड पाचव्या दिवशीच टाकलं असतं तर जावयाने पुन्हा चकती मिळवली असती, त्याला दोन दिवस होते. तिने मागे सारत सारत ते अशा जागी आणलं होतं जिथून कुणाला काही करता येत नव्हतं. “सरकार वाचलं,” जावई उठून हात जोडत म्हणाला. “सासूबाई, तुम्ही दिसता तशा नाही.” लेक म्हणाली, “आता आठवडाभर हे रुग्णांना सांगणार. आधीच तोंड उघडून बसलेले असतात बिचारे, नाही म्हणता येत नाही.” दोघं हसत चपला घालून भाजी आणायला गेली. सव्वासहा झाले होते. पट तसाच मांडलेला होता.

सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तिने खणातून पाकीट काढलं, मोबाइल समोर ठेवला आणि नंबर लावला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. ‘अकरा बेचाळीसला मी जोडून दिला होता’ एवढं पुरलं असतं. घंटी वाजू लागली. तिने सवयीने मोजल्या. चौदा घंट्या, मग आपोआप बंद. तिने पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं: ६.४८, उत्तर नाही. शिवणयंत्रावर कापडावर खुणा करायची पेन्सिल होती, तीच हाती आली. चौदा घंट्यांत अंथरुणावरच्या माणसाला उठता येत नाही, पण मुलगी पाच ते सात घरी असते. बाजारात गेली असेल. दवाखान्यात असेल. बावीस दिवसांत इतर कुठेही असेल. सहा छप्पन्नला तिने पुन्हा लावला. या वेळी फोन व्यस्त होता. व्यस्त म्हणजे त्या घरात कुणीतरी बोलत होतं. कुणाशी, कशाबद्दल, हे बोर्डावर असती तर तिने कळ दाबून ऐकलं असतं, खात्रीपुरतं, तीन वाक्यं. आनंदाचा फोन आणि वाईट बातमीचा फोन, दोन्ही बाहेरून व्यस्तच असतात. तिने लिहिलं: ६.५६, व्यस्त. मग तिच्या ध्यानात आलं, की आता नोंद तिने केली काय, नाही केली काय, तिचा नंबर तिकडच्या पडद्यावर दोनदा उमटला असणार, वेळेसकट.

सात वाजता तिने यंत्राला झाकण घातलं नाही. पाकीट टेबलावर, पटाच्या शेजारी होतं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर लेकीचं लाल पेन आणि जावयाचं निळं पेन पडलेलं होतं. सात वाजून आठ मिनिटांनी खाली फाटक वाजलं, जिन्यात लेकीचं हसणं आलं आणि जावयाचं, “अगं, पण सहाव्या दिवशीच मला कळायला हवं होतं.” ती उठली नाही. पाकीट उचललंही नाही.

सात वाजून दहा मिनिटांपर्यंत तिकडून फोन आला नव्हता. पाकिटावरच्या दोन्ही ओळी पेन्सिलीतच होत्या. कुलपात किल्ली फिरत होती.